हळद, कडुलिंब आणि गाळलेली दोन वर्षं

मावशीचा फोन सकाळी सव्वासहाला आला. २३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. विधानसभेचा निकाल त्याच दिवशी लागायचा होता, त्यामुळे आदल्या रात्रीपासून घरच्या ग्रुपवर कोण येणार, कोण पडणार याचंच दळण चालू होतं. पण इतक्या सकाळी मावशीचा फोन म्हटल्यावर मी पहिलं विचारलं, "ताप आलाय का?" केमो चालू असलेल्या घरात पहिला प्रश्न हाच असतो.

ताप नव्हता. "सिद्धूचा व्हिडिओ बघितलास का?" ती म्हणाली. "बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर गेला बघ त्याच्या. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुलिंबाचा पाला. आणि मी इकडं ते लाल पाणी अंगात भरून घेतेय. मंगळवारची खेप नकोच वाटतीय गं मला."

लाल पाणी म्हणजे डॉक्सोरुबिसिन, केमोचं एक औषध. नळीतून उतरताना ते लालभडक दिसतं आणि पुढचा दिवसभर लघवीलाही तोच रंग येतो. पहिल्यांदा ते बघून मावशी घाबरली होती, नंतर तिनंच त्याला हे नाव पाडलं. वय ६२, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, राहायला सांगलीत गावभागात. स्तनाचा कर्करोग, दुसरी स्टेज. ऑगस्टअखेर शस्त्रक्रिया झाली, मग दर २१ दिवसांनी केमो. तीन खेपा झाल्या होत्या, चौथी मंगळवारी होती. केस गेलेले, नखं काळवंडलेली, तोंडाला चव नाही.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. पण तिचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मीच लावते, त्यामुळे पांढऱ्या पेशींचा आकडा तिच्याआधी मला दिसतो. तेवढ्या भांडवलावर घरात मी "त्यातली माहीतगार" झाले आहे.

आणि त्या माहीतगार बाईनं पहिल्याच पावलाला माती खाल्ली. "सगळं खोटं असतं ते, डिलीट कर आणि झोप," असं म्हणून मी फोन ठेवला. दुपारी काकांचा फोन. मावशीनं कडुलिंबाचा कोवळा पाला वाटून अर्धी वाटी रस प्यायला होता आणि दोनदा उलटी केली होती. माझ्याशी बोलायला तयार नव्हती. चूक माझी होती, कारण ते "सगळं" खोटं नव्हतंच. नवज्योत कौर सिद्धू खरोखर आजारी होत्या, खरोखर बऱ्या दिसत होत्या, नवरा खरोखर आनंदात होता. डोळ्यांना दिसतंय ते खोटं म्हणणाऱ्या भाचीवर मावशीनं का विश्वास ठेवावा?

दावा नेमका काय होता

२१ नोव्हेंबरला अमृतसरच्या घरी नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषद घेतली. क्रिकेटपटू, समालोचक, खासदार, मंत्री आणि टीव्हीवर टाळ्या ठोकायला लावणारा माणूस. बोलायला लागला की समोरचा ऐकतच राहतो. त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी पत्नीच्या जगण्याची आशा जेमतेम काही टक्के दिली होती आणि आता तपासण्यांत कर्करोग दिसत नाही. मग दिनचर्या सांगितली. सकाळी लिंबूपाणी, कच्ची हळद, ॲपल सायडर व्हिनेगर, कडुलिंबाची आणि तुळशीची पानं. भोपळा, डाळिंब, आवळा, बीट यांचे रस. साखर बंद, दूधदुभतं बंद, पिष्टमय पदार्थ बंद. संध्याकाळी लवकर जेवण आणि त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तोंडात काहीतरी. साखर तोडली की कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात, असा एकूण सूर. चाळीस दिवसांत चौथ्या स्टेजवर मात, असे मथळे दुसऱ्या दिवशी झळकले.

आमच्या ग्रुपवर आली ती अख्खी पत्रकार परिषद नव्हती. कुणीतरी कापलेला तुकडा होता, खाली हिंदीत "हे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत". मागे बासरी.

मी रविवारी संध्याकाळी गावभागात गेले. जाताना मोबाइलवर दोन तास खर्चून त्या दोघा नवराबायकोंनी स्वतःच आधी काय काय लिहिलंय ते शोधून ठेवलं होतं. कुठल्या डॉक्टरचं मत नाही, कुठला शोधनिबंध नाही, फक्त त्यांचं त्यांनी लिहिलेलं. मावशीला शिक्षिकेची जुनी खोड आहे, कुठलीही गोष्ट वहीच्या मागच्या पानावर मांडल्याशिवाय तिला पटत नाही. मी म्हणाले, "मावशी, भांडायचं नाही. तू फक्त तारखा लिहून घे."

तिनं पट्टीनं उभी रेघ मारली. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं.

मार्च २०२३. सिद्धू तेव्हा १९८८ च्या मारहाणीच्या खटल्यात पतियाळाच्या तुरुंगात होते. नवज्योत कौर यांनी स्वतः समाजमाध्यमावर लिहिलं की कर्करोग पसरू लागणारा आहे, दुसरी स्टेज आहे, थांबता येत नाही, आज शस्त्रक्रियेला जातेय. "दुसरी?" मावशी थांबली. "माझ्यासारखीच की."

पुढचे काही महिने केमो. या खेपांबद्दलही सिद्धूंनी वेळोवेळी लिहिलं होतं.

एप्रिल २०२४. पुन्हा शस्त्रक्रिया, कारण रोग पुढे सरकला होता. साडेतीन तास चालली, बरीच त्वचा काढावी लागली आणि दुसरीकडची बसवावी लागली. हेही सिद्धूंनीच लिहिलेलं.

नोव्हेंबर २०२४. लिंबूपाणी.

मावशीनं पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं आणि "मार्च २०२३" पासून "एप्रिल २०२४" पर्यंत एक कंस ओढला. त्याच्या बाहेर लिहिलं, "हे व्हिडिओत नाही." मग बराच वेळ काही बोलली नाही. काका आत चहा टाकायला गेले.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही वही. दावा खोडायला हळदीवर व्याख्यान द्यावं लागलं नाही. गोष्ट जिथून सुरू केली होती तिथून मागे गेलं की पुरत होतं. दोन शस्त्रक्रिया आणि केमो गाळल्यावर उरेल त्याचा मान आपोआप हळदीला जातो. उद्या मावशी बरी झाली आणि काकांनी ग्रुपवर लिहिलं की रोज संध्याकाळी हरिपूरला संगमेश्वराला जात होतो म्हणून बरी झाली, तर त्यात एकही शब्द खोटा नसेल. ते खरोखर जातात.

टाटाच्या २६२ डॉक्टरांनी काय म्हटलं

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून तिथं उपचार घेतलेलं माणूस आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात निघतं. तिथल्या आजी-माजी मिळून २६२ कर्करोगतज्ज्ञांनी व्हिडिओनंतर दोन-तीन दिवसांतच एक पत्रक काढलं. रोख असा की व्हिडिओच्या काही भागांतून दूध-साखर सोडून आणि हळद-कडुलिंब खाऊन असाध्य कर्करोग बरा झाल्याचं ध्वनित होतं, त्याला भक्कम पुरावा नाही. यातल्या काही पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण कर्करोगावरचं औषध म्हणून ते सुचवावेत इतकी माहिती आज हातात नाही. लक्षणं असतील तर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी वेगळं लिहिलं, जास्त रोखठोक: त्या बऱ्या झाल्या त्या शस्त्रक्रिया आणि केमोमुळे, हळद-कडुलिंबामुळे नाही.

पत्रकाची भाषा मला आवडली. हळद कुचकामी, असं त्यात कुठंही नव्हतं. मी शनिवारी जे फाडकन बोलून बसले, ते त्यांनी टाळलं होतं.

२५ तारखेला सिद्धूंनी खुलासा केला. डॉक्टर आपल्याला देवासारखे आहेत, उपचारांत शस्त्रक्रिया होती, केमो होता, आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि उपचाराला पूरक म्हणून होता, असं त्यांनी सांगितलं. नवज्योत कौर स्वतःही डॉक्टर आहेत. म्हणजे उपचार सोडून पाला खायचा वेडेपणा त्या घरात कुणी केला नव्हता. आमच्या ग्रुपवर तो खुलासा आजतागायत आलेला नाही. बासरीवाला तुकडा मात्र त्या आठवड्यात चार वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला.

हे काही आमच्याच ग्रुपचं दुर्दैव नाही. अमेरिकेत स्कायलर जॉन्सन या कर्करोगतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत २०१८-१९ मधले समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरलेले कर्करोगावरचे २०० लेख तपासले. स्तन, प्रोस्टेट, आतडं आणि फुप्फुस, प्रत्येकी ५०. ३२.५ टक्के लेखांत चुकीची माहिती होती आणि ३०.५ टक्के लेखांत रुग्णाचं नुकसान होईल असं काही होतं. नुकसान करणाऱ्या लेखांना प्रतिसाद निर्धोक लेखांपेक्षा जास्त होता.

त्याच जॉन्सनचा आधीचा एक अभ्यास मी मावशीला सांगावा की नाही, या विचारात होते. शेवटी काकांना सांगितला. बरा होऊ शकेल असा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण आणि प्रचलित उपचार घेतलेले ५६० रुग्ण, अशी तुलना होती. पर्यायीवाल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून जास्त. काका चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. ज्यांना पाल्यानं गुण आला नाही त्यांची पत्रकार परिषद कुणी घेत नाही, एवढंच मी पुढे बोलले.

हळदीच्या गावात हळदीबद्दल

पण काका सहजी हरणारे नाहीत. आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. घरात आजही राजापुरी हळदीचा वास येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. "आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलं होतं, ते उगंच व्हय? काहीतरी असल्याशिवाय?"

बरोबर आहे, घेतलं होतं. १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे. पण जखम भरण्यासाठी, कर्करोगासाठी नव्हे. आणि ते १९९७ मध्ये रद्द झालं ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापील संदर्भ पुढे ठेवले म्हणून. काका, ती लढाई आपण जिंकलो ती कागद दाखवून. मग इथंही कागद मागू की.

कागद असे आहेत. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते ओतलं की पेशी मरतात, हे खरं, आणि फिरणाऱ्या संदेशांत "संशोधनात सिद्ध" म्हणतात ते बहुतेक हेच. पण प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी कशानंही मरतात. आमच्या लॅबमधल्या ब्लीचनं तर लगेच मरतील. खरा प्रश्न पोटातून रक्तात किती जातं हा, आणि कर्क्युमिन जवळजवळ जातच नाही. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनचा मोठा आढावा घेतला, तेव्हा माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या झालेल्या होत्या. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोण काय घेतंय हे माहीत नसलेल्या, काटेकोर चाचणीत ठाम यश एकाही ठिकाणी नव्हतं.

मग लोक मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेतात, कारण मिरीतल्या पायपरिनमुळे जास्त शोषली जाते. इथं गंमत संपते. अशा पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. केमोची कितीतरी औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. भाजीत चिमूटभर हळद आणि रोज दोन कॅप्सूल या एक नव्हेत.

साखरेचंही असंच अर्धं सत्य आहे. ऑटो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात दाखवलं की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात. पेट स्कॅन याच सवयीवर चालतो: किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती कुठं गोळा होते ते बघायचं. पण तुम्ही चहातली साखर सोडली म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती तयार करतं, गरज पडली तर स्नायू तोडून. उपाशी राहिल्यावर आधी मावशी वाळेल, गाठ नाही. तीन खेपांत तिचं वजन ५८ वरून ५४ वर आलं होतं. संध्याकाळी सहाला जेवून सकाळी दहापर्यंत लंघन करायचं हे वजन नव्हतं.

उपवासाच्या संदेशांना आणखी एक झालर असते, नोबेलची. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःचाच कचरा कशी पचवते या शोधासाठी. तो शोध यीस्टवर होता, आपण ब्रेडला वापरतो तसल्या. तिथून थेट मावशीच्या एकादशीवर उडी मारणं हे फक्त व्हॉट्सॲपला जमतं.

"स्वस्त आहे म्हणून दाबतात"

काकांचा शेवटचा मुद्दा खरा बोचरा होता. "स्वस्त औषध निघालं तर ह्यांचा धंदा बसंल. म्हणून पुढं येऊ देत नाहीत." यात राग आहे आणि तो राग खोटा नाही. फुले योजनेत बरंच बसलं तरी गाडीभाडं, राहणं, बाहेरच्या तपासण्या यांत त्यांची एक मुदतठेव मोडली होती.

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते परळचंच आहे. शस्त्रक्रियेच्या आधी काही मिनिटं स्तनातल्या गाठीभोवती भूल देणारं लिडोकेन टोचायचं. दात काढताना हिरडीत टोचतात, त्याच जातीचं साधं, जुनं, स्वस्त औषध. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी ही कल्पना देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर तपासली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे अमेरिकेतल्या अग्रगण्य कर्करोग-नियतकालिकात छापून आलं. दाबलं कुणीच नाही. फक्त त्याला बारा वर्षं लागली, आणि फरक शंभरात चार बायकांचा निघाला, चमत्कार नाही. खरी औषधं अशीच असतात, चारचारानं वाढणारी.

आणि झाडपाल्याशी डॉक्टरांचं वैर म्हणाल, तर मावशीच्या तुळशीवृंदावनाजवळच सदाफुली आहे. तिच्यातून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन निघालं. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ती मधुमेहासाठी तपासत होते. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध मिळालं. सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती कोकण-कोल्हापूरकडच्या माणसाला तस्करीच्या बातम्यांतून माहीत असते. तिच्यात कॅम्पटोथेसिन असतं, ज्यापासून केमोची औषधं बनतात. पण म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावून रक्ताचा कर्करोग बरा करत नाही. पानात किती औषध आहे हे पान सांगत नाही, आणि विनक्रिस्टिनचा डोस थोडा चुकला तरी नसा जातात.

इथं एक गोष्ट लपवली तर मी काकांशी अप्रामाणिक ठरेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटामधूनच बातमी आली होती की शंभर रुपयांच्या एका गोळीनं, रेस्वेराट्रॉल आणि तांब्याच्या, कर्करोग परत उलटणं थांबेल. वाहिन्यांवर गाजली. पण मुख्य आधार उंदरांवरच्या प्रयोगांचा होता, आणि अनेक डॉक्टरांनी तेव्हाच विचारलं की माणसांवरची मोठी चाचणी कुठं आहे. विचारलं ते योग्यच केलं. मोजपट्टी एकच ठेवायची, मग समोर सिद्धू असोत की टाटा. मावशीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे तू त्यांच्या बाजूची पण नाहीस."

टाटाचं नाव घेऊन तर खोट्याचंही दुकान चालतं. गरम नारळपाण्यानं कर्करोगाच्या पेशी मरतात, असा संदेश डॉ. बडवे यांच्या नावानं वर्षानुवर्षं फिरतो आहे. रुग्णालयानं तो आपला नाही असं जाहीर केलं, तरी फिरतो आहे. नाव मोठं असणं हा पुरावा नाही, हे त्यावरून कळावं.

कायद्यानं काय झालं ते थोडक्यात. छत्तीसगड सिव्हिल सोसायटीनं नवज्योत कौर यांना ८५० कोटींची नोटीस पाठवली. आकडा बघून मला वाटलं, त्यांना नोटिशीपेक्षा बातमीच जास्त हवी होती. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती डिसेंबरमध्ये टिकली नाही. माणूस स्वतःचं मत सांगतोय, पटत नसेल तर तुम्ही तुमचं सांगा, असा न्यायालयाचा कल होता. १९५४ चा औषधी आणि जादूटोणा उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत कर्करोग नावानिशी आहे. पण तो जाहिरातीला लागतो. बायको बरी झाल्याच्या आनंदात नवऱ्यानं काय बोलावं, हे त्याला कसं ठरवता येणार? मला न्यायालयाचं म्हणणं पटलं, थोडं नाइलाजानं.

मंगळवार

सोमवारी मी तिचं सीबीसी लावलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दीड हजाराच्या वर हवेत, त्या होत्या. मंगळवारी वॉर्डात जाताना मावशीनं पर्समध्ये वही ठेवली आणि मागचं पान सरळ डॉक्टरांपुढे उघडलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी तारखा नीट वाचल्या आणि विचारलं, "कडुलिंबाचा रस अजून घेताय?" मावशीनं मान हलवली, नाही. उलटीचं मी सांगितलं. ते म्हणाले, "काहीही घ्यावंसं वाटलं तर आधी मला दाखवत जा. मी ओरडणार नाही." हे वाक्य शनिवारी सव्वासहाला मी म्हणायला हवं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद व्हिडिओच्या जवळपास उलटा होता. कच्चे रस नकोत, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना न शिजवलेल्या पाल्यातले जंतू महागात पडतात. ताजं, गरम, थोडं थोडं, दोन-दोन तासांनी. अंडं, पिठलं, मुगाची खिचडी, दूध चालत असेल तर दूध. "हळद?" काकांनी मुद्दाम विचारलं. "खिचडीत घाला की," बाई म्हणाल्या. काकांचा चेहरा उजळला.

चौथी खेप झाली. मग औषध बदललं, लाल जाऊन पॅक्लिटॅक्सेल आलं, त्यानं बोटांना मुंग्या येत. आणखी चार खेपा. फेब्रुवारीत सगळं संपलं तेव्हा वजन ५६ होतं.

परवा ग्रुपवर सोलापूरच्या एका आत्याबाईंनी लक्ष्मणफळाचा फोटो टाकला. केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी, शेजारच्या गावातल्या एकांचा आतड्याचा कर्करोग महिन्यात गेला, बी हवं असल्यास संपर्क करा. मी उत्तर लिहायला घेतलं होतं. कॅरिबियन बेटांवर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार दिसला होता, ते सगळं टाइप करत होते. त्याआधीच मावशीचा संदेश आला.

"त्यांचं ऑपरेशन कधी झालं होतं? तारीख कळवावी."

दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून नाही.